दीड सूत

तीस वर्षं मी लातूरच्या वीज ऑफिसात
खिडकी नंबर तीनच्या आत बसले.
बिल जास्त आलंय म्हणत कुणी भांडायला आलं
की जाळीतून म्हणायचे,
घरात बघा, कुठंतरी जळत असेल.
परवा माझंच बिल हातात आलं
आणि घरात बघायची पाळी माझी होती.

कूलर मी केव्हाच काढला.
आठवड्याला एक टँकर येणाऱ्या गल्लीत
तो दिवसाला दोन घागरी प्यायचा,
मला लाज वाटायची.
एसी पाणी पीत नाही. उलट थेंब थेंब देतो,
ते मी कढीपत्त्याला घालते.
पण मे महिन्यात तो रात्रभर धापा टाकतो
आणि भिंत तरी तव्यासारखीच.

औशाहून इलाही मिस्त्री आला.
टेप काढायच्या आधी उदबत्ती मागितली.
मला वाटलं, मुहूर्त करायलाय.
त्यानं एसी लावायला सांगितला, दार ओढून घेतलं
आणि उदबत्ती चौकटीच्या कडेकडेनं फिरवली.
वर धूर सरळ.
बिजागरीपाशी जरा वाकला.
खालच्या फळीशी मात्र असा ओढला गेला
जशी बाहेरून त्याला कुणी हाक मारली.
"ताई, गारवा इथून जायलाय बघा.
दीड सूत फट. पण सगळीकडची जोडली
तर भिंतीतली वीट काढल्यागत झालं."

भूकंपाच्या पहाटेपासून चौकट तिरपी होती.
भिंती लिंपल्या, देव परत मांडले,
खिडकीकडं बघायचं राहून गेलं.
दर उन्हाळ्यात मी फटीत कागद कोंबत आले.
इलाहीनं ते पकडीनं एकेक ओढून काढले:
रद्द पावत्या,
माधवीच्या सातवीच्या निकालाची घडी,
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतला अर्धा गणपती.
गणपती त्यानं वेगळा, कपाटावर ठेवला.

नवी खिडकी. दोन काचा, मधे कोंडलेली हवा.
"हवेनंच हवा अडते," तो म्हणाला.
कडेला रबर, फेसासारखं काही भरलं, वास आला.
मग पुन्हा उदबत्ती.
धूर उभा राहिला,
नाव पुकारल्यावर उठणाऱ्या पोरासारखा.

जुनी खिडकी अंगणात आडवी पडली होती.
भंगारवाला दीडशे म्हणाला होता.
इलाही हात पुसत राहिला, मग बोलला,
"आमच्या खोलीला वर पत्रा, चारी अंगांनी भिंत.
मालकानं खिडकी ठेवलीच नाही.
बायको म्हणती, जगाच्या फटी बंद करूलालाव,
आपल्याला एक घेऊन या की."

मी म्हणणार होते, अहो, ती नीट लागत नाही.
म्हणाले नाही.
पैसे द्यायला लागला. घेतले नाहीत,
म्हणून मजुरीतले दोनशे त्यानं कमी केले,
आणि त्यावरून आम्ही फाटकात
बराच वेळ हुज्जत घातली.

टेम्पोत ती उभी बांधली.
निघताना तिच्यातून समोरचं लिंबाचं झाड दिसलं,
मग विजेचा खांब, मग गल्लीचं वळण.

जूनचं बिल आलं. एकशे बारा युनिटं कमी.
सवयीनं दोनदा बेरीज केली. बरोबर होती.

संध्याकाळी देवापुढं उदबत्ती लावते
आणि हल्ली जरा थांबून बघते.
धूर सरळ वर जातो, छताशी पसरतो.
औशात या वेळेला कुणी उदबत्ती लावली असेल
तर ती वाकत असेल.