शंटच्या अलीकडे

रात्री दोनला इन्व्हर्टर कोकलतो
आणि पडदा निवांत सांगतो: सत्याऐंशी टक्के.
पंखा पाय ओढत फिरतोय.
मी मल्टिमीटरच्या दोन सुया बॅटरीला टेकवतो,
अकरा पॉइंट आठ.
म्हणजे तळ दिसायला लागलेला हौद.
दोघांतला एक जण खोटं बोलतोय,
कोण, ते विचारायचं कुणाला?

मे महिना, आणि सोलापूर.
पत्र्यावरची पॅनेलं दिवसभर ऊन पितात,
फ्रेमला हात लागला तर कातडी तिथंच राहील.
कमाई कमी आहे असं
कोणाच्या बापाला म्हणता येणार नाही.

सकाळी कारखान्यातल्या सवयीनं सुरुवात केली:
धागा तुटला की आधी माग थांबवायचा,
मग कापडापासून बीमपर्यंत मागं मागं जायचं.
टर्मिनलवरचा पांढरा फेस गरम पाण्यानं धुतला.
नट आवळले.
मॉनिटरच्या पोटात बॅटरी लिहिलेली दोनशेची,
माझी आहे दीडशेची.
आकडा बदलला, चहा प्यायलो, ऐटीत बसलो.
तिसऱ्या रात्री पुन्हा कोकलणं.

मग इराप्पा कोरे आला, क्लॅम्प मीटर घेऊन.
कडक भाकरी चटणीवर मोडत म्हणाला,
शंट म्हणजे जुना जकात नाका बघ.
निगेटिव्हच्या रस्त्यात बसलेला पितळी ठोकळा.
समोरून जाईल तेवढंच वहीत लिहिणार.
एखादी गाडी रानातून गेली
तर नाकेदाराचा काय दोष?

सगळं बंद केलं. दिवे, पंखे, टीव्ही,
चार्जरचा लाल ठिपकासुद्धा.
पडदा म्हणाला, शून्य.
इराप्पानं मीटरचा जबडा
बॅटरीच्या काळ्या खुंटीपाशी मिटला,
एक पॉइंट आठ.
कोणीतरी पीत होतं, आवाज न करता.

बारीक काळी वायर,
शंटच्या अलीकडं, थेट खुंटीला पिळलेली.
चिकटपट्टी नाही. वर दोरा गुंडाळलेला,
बिडी बांधायचा.
पुढं इराप्पा काही बोलला नाही,
भाकरीचा शेवटचा तुकडा हातात घेऊन
पत्र्याकडं बघत बसला.

नरसूबाई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
तेंदूची पानं कातरत.
“काय शोधलालाव?”
मी दोरा दाखवला. कात्री थांबली नाही.
“लिंगव्वाच्या खोलीत पंखा नव्हता.
ह्या उन्हात म्हातारी गेली असती.”
वायर कुणी जोडली?
“मीच की. तुम्ही जोडलालाव तवा बघत होते.”
मग पान उलटं करून शीर काढत म्हणाली,
“हजार वळते मी. चेकर आठशे नव्वद लिहितो.
बाकीची छाट.
त्या छाटीचा हिशोब कधी विचारलाव?”

नव्हता विचारला.
एकवीस वर्षांत एकदाही.

मी पाना घेतला. खुंटीचा नट सैल केला.
आता मात्र कात्री थांबली.
“काढलालाव?”
नाही, म्हटलं. नाक्यातून घेतोय.
वायर शंटच्या पलीकडल्या बोल्टवर आणली,
दोरा तसाच ठेवला, वर चिकटपट्टी मारली.
पडद्यावर उमटलं: उणे एक पॉइंट आठ.

दोन दिवस माझा पंखा दुपारी बंद ठेवला,
मालिका नरसूबाईनं शेजारी जाऊन बघितली.
तिसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला
बॅटरी गळ्यापर्यंत भरली
आणि पडदा शंभर म्हणाला.
मी सुया लावून बघितलंच. खरं बोलत होता.

आज रात्री पुन्हा जाग आली, सवयीनं.
कोकलणं नाही.
अंधारात हिरवा आकडा, एकाहत्तर,
त्याखाली ते उणे, न हलणारं.
भिंतीपलीकडं पंख्याचं एक पातं
जाळीला घासतंय, टक, टक.
उद्या जाऊन वाकवून द्यायला पाहिजे.