धुराचा रकाना

आमच्या जिनिंग सोसायटीच्या वहीत
डावीकडे आवक, उजवीकडे जावक,
आणि मधोमध, यंदाच्या दिवाळीपासून,
मी पट्टीनं आखलेला अरुंद रकाना :
धूर.

गाठी घेणाऱ्या कंपनीचा कागद आला होता.
एका गाठीमागे किती धूर होतो, ते कळवा.
अध्यक्षांनी तो मॅनेजर निखाड्यांकडे सरकवला,
निखाड्यांनी माझ्याकडे,
निवलेला चहा सरकवावा तसा.

"धुराले का वजन रायते, बाई?"
पैकू आत्राम फाटकाशी हसला.
त्याच्या मागे काट्यापासून पार नाल्यापर्यंत
कापसाच्या गाड्या, रांगेत,
आणि एकूणएक इंजिन चालू.

मी आधी मोठं मोठं शोधलं.
चोवीस मोटारी. प्रेस.
लाइन गेली की खोकत उठणारा जनरेटर.
तेलघाणीचा बॉयलर, ज्याच्या पोटात वणीचा कोळसा,
आणि कुंपणापलीकडे, हाताच्या अंतरावर,
बांधाबांधावर पेटवून दिलेली पऱ्हाटी.
हे रोज दिसत होतं.
वहीत नव्हतं, म्हणून दिसत नव्हतं.

झाडे मिस्त्री म्हणाले,
"पट्टे ढिले हायेत, मोटार फुकट फिरते.
चार सालापासून सांगून रायलो."
चार साल त्यांचं सांगणं
कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.
पट्टे आवळले. वीजबिल कण्हत कण्हत उतरलं.
माघात पऱ्हाटीच्या मोळ्या काट्यावर आल्या,
बाया कापसासारखीच त्यांची पावती मागू लागल्या,
बॉयलरनं नाक मुरडलं, दोनदा विझला,
मग खाऊ लागला.

उरली ती रांग.
"तो धूर आपला नाही," निखाडे म्हणाले,
"गाड्या त्यांच्या, डिझेल त्यांचं."
पण फाटक आपलं, काटा आपला,
उशीर तर अगदी आपल्या घरचा.
कार्यालयातलं घड्याळ खिळ्यावरून काढून
मी ते मांडीवर घेऊन फाटकाशी बसले.
एक गाडी, पाच तास वीस मिनिटं.
बंद का करत नाही?
बॅटरी मेली आहे, ताई, मग ढकलावं लागतं.
आणि रांग हातभर सरकली की मागचा हॉर्न मारतो.

गोदामात, उंदरांनी कुरतडलेल्या बारदानाखाली,
एक डबा सापडला :
बैलगाड्यांच्या काळातले पितळी बिल्ले,
एक ते दोनशे, सत्तेचाळीस हरवलेला.
चिंचेनं घासले.
आता गाड्या मागच्या पडिकात, कडुलिंबांखाली उभ्या राहतात,
आणि पैकू भोंग्यावर ओरडतो :
"बिल्ला एकोणचाळीस! निजला का बे?"
पहिल्या दुपारी एकदम टिटवी ऐकू आली
आणि काट्यावरचा पोरगा दचकला,
मशीन बिघडलं म्हणून.

कागद भरायच्या दिवशी निखाडे खुर्ची ओढून बसले.
"जनरेटर राहू द्या ना. कधीमधीच लागतो."
मी पेन त्यांच्यापुढे धरलं.
ते बराच वेळ पेनकडे बघत राहिले,
मग म्हणाले, लिहा.

तेवढ्यात रस्त्यावरून कोळशाचे ट्रक गेले,
सतरा, ताडपत्री फाटलेले,
आणि उघड्या गंजीवरच्या पांढऱ्या रुईवर
काळी भुकटी हळूच बसली.
पैकूनं खिडकीतून विचारलं,
"अन् त्याहिचा कोन लिहिते, बाई?"

मला उत्तर आलं नाही.
पानावरची भुकटी फुंकली,
तर ती उडायच्या ऐवजी पसरली,
आवकेपासून जावकेपर्यंत.

तिच्यावरूनच आकडा लिहिला.
मग पान उलटलं, पट्टी घेतली,
आणि पुढच्या सालाचा रकाना
बोटभर रुंद आखला.