फट

दुकानात आणली की गाडी गुणाची.
अशी गार हवा की चष्म्यावर धुकं.
एवारिस्तो ओशाळतो, टोपी काढून हातात घेतो.
"आत्ता, त्या सिग्नलपर्यंत भट्टी होती, शप्पथ."
असू दे, मी म्हणते,
वैद्य दिसला की दुखणं पळतंच.

मेहिकाली. जुलै.
सकाळचे नऊ, आणि एकेचाळीस डिग्री.

माझ्याआधी तिघांनी हात मारलाय.
एकाने गॅस भरला.
दुसऱ्याने भरलेला काढून पुन्हा भरला.
तिसरा म्हणाला, काँप्रेसरच बदला,
आणि आकडा लिहून दिला पावतीच्या पाठीवर.
ती पावती अजून याच्या खिशात आहे, घामाने
आकडा फुगलाय.

मी गेज लावते. निळी सुई जागेवर, लाल जागेवर.
पंखा फिरतो. फ्यूज शाबूत.
हॉर्नचा रिले काढून इकडे बसवते, इकडचा तिकडे.
हॉर्न वाजतो. एसी चालतो.
सगळं ठाकठीक, म्हणजे
मला अजून काहीच कळलेलं नाही.

"बंद कुठे पडतो?"
"लायनीत."
सीमेवरच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी,
उबाल्दाला पलीकडे डायलिसिसला नेताना,
दोन तास, कधी तीन, गाडी मुंगीच्या पावलाने.
"ती काय म्हणते?"
"काही नाही. ओला टॉवेल मानेवर ठेवते."
थोड्या वेळाने: "तेच तर."

मग मी गाडी सावलीतून बाहेर काढते,
भर उन्हात उभी करते, बॉनेट बंद, इंजिन चालू,
आणि आम्ही दोघं आत बसतो. लाईन लागल्यासारखे.
तो मला सॅलडच्या पानांबद्दल सांगतो,
पलीकडच्या शेतात तीस हंगाम, पहाटे तीनला निघायचं,
थंडीने बोटं वळायची नाहीत. थंडीने!
तो हसतो. मी घड्याळ बघते.
अठ्ठेचाळीस मिनिटं.
एकोणपन्नासाव्याला हवा कोमट होते,
मग गरम,
आणि आम्ही एकदमच ओरडतो: बिघडला!
पाहुणा आल्यासारखे.

बॉनेट वर. पुली गरगर फिरतेय,
तिच्यासमोरची चकती ढिम्म.
झाडूच्या दांड्याने चकतीला जरासं ढोसते
आणि खट्‌,
ती चिकटते, फिरू लागते,
आतून एवारिस्तोचा आवाज: "गार! गार!"

इंजिन बंद करून पात्यांचा गेज घालते.
फट एक मिलिमीटरहून जास्त. हवी त्याच्या निम्मी.
वर्षानुवर्षं घासून घासून रुंदावलेली.
थंड असताना चुंबक तेवढं ओढून घेतो.
तापला की त्याला ते अंतर झेपत नाही.
गॅस नाही, काँप्रेसर नाही.
आग एका गल्लीत, बंब तीन गल्ल्यांत फिरून आलेले.

चकतीमागे एक पातळ वॉशर असतो, नखाएवढा जाड.
तो काढला. परत बसवलं. मोजलं.
पुन्हा तासभर उन्हात, आणि या वेळी
बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं,
नुसते गारठत बसलो.

वॉशर त्याने मागून घेतला,
पावतीत गुंडाळला.

शनिवारी तो पुन्हा दारात.
माझ्या पोटात गोळा. "काय झालं?"
"काही नाही. दोन तास चाळीस मिनिटं.
तिला थंडी वाजली.
डायलिसिसनंतर वाजते, मला ठाऊक नव्हतं,
आजवर कधी वाजलीच नव्हती.
येताना काचा खाली करून आलो."
टोपी त्याच्या डोक्यावरच होती.
"पण या वेळी," तो म्हणाला,
"बंद मी केला."