पातळ

स्टेशनजवळच्या हॉटेलच्या तळघरात
परवान्याचं दुकान आहे. दारावर पाटी नाही,
नुसता एक बाण, तोही लाजून भिंतीकडे वळलेला.
माझ्या परवान्यावर कारण लिहिलंय : निद्रानाश.
खोटं नाही ते. बत्तीस वर्षं काचकारखान्यात
रात्रपाळ्या केल्या,
झोप तिथंच कुठंतरी भट्टीत पडली.

काउंटरवरचा जिग्नेश डबे मोजता मोजता थांबतो.
‘काका, आ पाणी शुं काम?’
महिन्याचा कोटा असा वाहून घालवणारं गिऱ्हाईक
त्यानं बघितलेलं नाही.
पाणी म्हणजे अमेरिकन लागर.
डब्यावर डोंगर, डोंगरावर बर्फ,
आतल्या चवीची भरपाई बाहेरच केलेली.

पुतण्या ओहायोत असतो. फोनवर हसला :
‘इथं ती कुणी पाहुण्यांपुढे ठेवत नाही, काका.
गवत कापून झालं की पितात.
दुकानात पायाशी रचलेली असते, चोवीस-चोवीसची खोकी.’
आणि इथं?
जहाज, जकात, परवाना, तळघर
एवढं ओलांडून आली
की तिथला मजूर इथं जावई होऊन उतरतो,
आणि जावयाचा भाव आपण देतो.

घेण्यासारखी आहे का?
सरळ विचाराल तर नाही.
जिभेला काही सांगतच नाही ती.
कडवटपणा म्हणाल तर
कारल्याच्या शेजारी निजलेल्या काकडीइतका.
पहिला घोट थंड. दुसरा थंड.
तिसरा जरा कमी थंड.
संपली गोष्ट.

शिवाय डबा. आरपार दिसत नाही
त्यात काय भरलंय कुणास ठाऊक.
आम्ही तपासणीवाले. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या,
मागे दिवा, पुढे माझे डोळे :
खडा, चीर, बुडबुडा.
बुडबुडा दिसला की बाटली बाजूला, पुन्हा भट्टीत.
जन्मभर ज्यांना नापास केलं
त्यांचेच आता पैसे मोजतोय.

तरी रविवारी दोन डबे पिशवीत घालतो,
वर कोथिंबिरीची जुडी.
ताकाला जाऊन भांडं लपवायची
या शहरात सगळ्यांनाच सवय आहे.
स्कूटर प्रतापनगरला, फणसेकडे.

फणसे भट्टीवर होता.
शेव-उसळीच्या गाडीवर
तरी तीनदा मागून घेणारा,
गाडीवाला म्हणायचा, साहेब, पातेलंच घरी न्या.
मागच्या साली घशात गाठ निघाली.
तेहतीस वेळा किरण घेतले.
म्हणाला, भट्टी बाहेर होती तोवर बरं होतं रे.
आता वरणातली मिरी लागते,
लिंबू लागतं, चहा लागतो,
व्हिस्कीचा तर वाससुद्धा खिळ्यासारखा जातो.
सुनेनं पेज दिली की
मुकाट्यानं भिंतीकडे बघत पितो.

परवाना माझा, घसा त्याचा.
कायद्याला हे कसं समजावणार?
मी डबा फोडतो, काचेच्या पेल्यात ओततो, अर्धाच.
तो आधी पेला ट्यूबलाइटपुढे धरतो.
अंगठा कडेवरून फिरवतो, बूड बघतो.
मीही वाकून बघतो. दोघांनाही
आपण काय करतोय हे उशिरा कळतं.
मग घोट.
मी त्याच्या गळ्याकडे बघत राहतो,
तिथली कातडी अजून तांबूस आहे.

‘हिच्यात काहीच नाही,’ फणसे म्हणतो.
आवाज वाळूसारखा.
‘काहीच नाही,’ पुन्हा म्हणतो,
आणि पेला पुढे करतो.

पुढच्या महिन्यात जिग्नेशला
सहा सांगायचेत. त्याला काय वाटायचं ते वाटो.
दुसरा डबा माझ्यासाठी उघडला होता,
बोलण्यात तसाच राहिला, कोमट झाला.
कोमट झाली की ही खरोखर वाईट लागते.
मी ती संपवली.