कुंपण

तूदा रोज घासायची.
पहाटे, बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असताना
अक्रोडाची साल चावून चावून
हिरड्या विटकरी करायची.
मी धाकटी इत्तो, आळशी,
खजूर खाऊन तशीच झोपणारी.

सोळाव्या वर्षी तिचा पुढचा दात
जवाच्या भाकरीत राहिला.
दुखलं नाही. रक्तही जेमतेम.
तिनं तो पुसून खिशात टाकला
आणि सगळ्यांना चहा ओतला.

बायका म्हणाल्या, पोरगी गलिच्छ.

अझ्रूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
काळ्या फिल्मवर बोट टेकवलं :
इथं हाड असायला हवं होतं.
मग माझंही तोंड उघडायला लावलं.
जंतू दोघींकडे आहेत, म्हणाल्या,
हिचे राखणदार मात्र
चोराची चाहूल लागली की
घरच पेटवतात.

म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं.

घरात आणखी कुणाचे दात लवकर गेले?
आईनं मान हलवली. नाही.

परतीची बस देवदारांतून उतरत होती.
तूदा खिडकीकडे, मी तिच्याकडे,
आई कुठंच बघत नव्हती.

रात्री दिव्याखाली बसून
तिनं आमच्यासमोर पहिल्यांदाच
कवळी काढली. गाल आत गेले.
शब्द फुसफुसत आले :
एकोणिसाची होते.
बाळंतपणात गेले, असं सांगत आले सगळ्यांना.

तूदा हसली,
तोंडावर हात न ठेवता.

मी बाहेर जाऊन दात घासत राहिले
पाणी संपेपर्यंत,
कुणाचं तरी देणं लागत असल्यासारखी.