ओल असेपर्यंत

कंपनीची गाडी यायची बंद झाली
तेव्हा आमच्याकडे एकतीस ससे होते
आणि करारनाम्याची झेरॉक्स.
मटण चिंचणी रोडचा धाबेवाला न्यायचा, दोन-दोन करून.
कातडी माझ्याकडेच राहायची,
मिठाच्या थरात, ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात,
बेदाण्याच्या शेडच्या कोपऱ्यात.
दादा म्हणाला, पुरून टाक.

मी तायाप्पाकडे गेले.

त्याच्या अंगणाला आमच्या घरात एकच नाव होतं : वास.
तिथून मी नाक धरून गेलेली आहे,
आधी सायकलवरून, मग स्कूटीवरून.
त्याचा हौद बुजून वीस वर्षं झाली,
त्यात आता शेवगा उभा आहे, शेंगा लागतात.
नाक धरायची सवय तेवढी राहिली.

त्यानं कातडं चिमटीत धरलं,
उलट्या केसांत हळूच फुंकर मारली.
राखाडीखाली पांढरं, पांढऱ्याखाली निळसर.
"सशाचं व्हय? ह्यो तर कागूद हाय.
म्हशीला बाभळीची साल लागायची, म्हैना-म्हैना.
ह्येला तुरटी बास."

मग मी शिकले.
आतला पापुद्रा चमच्याच्या कडेनं सोलायचा,
शेपटीकडून मानेकडे,
पोटाशी हात हलका.
तुरटी-मिठाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत,
आईचं जर्मनचं पातेलं काळं पडलं ते पडलंच.
दोन दिवसांनी कडेचा तुकडा कापून बघायचा,
आरपार पांढरा दिसला की झालं.
अंड्याचा बलक, कोमट एरंडेल, तळहातानं, मांसाच्या बाजूनं.
"उनात नगं. तुमचा बेदाणा कसा वाळीवता?
तसंच. सावलीत, वाऱ्यावर."

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो स्वतःच शेडमध्ये आला.
"आज झोपायचं न्हाय.
ओल्याला कळत न्हाय,
वाळल्याला ऐकू जात न्हाय.
मधी जेवढा येळ घावंल
तेवढ्यात काय सांगायचं ते सांगायचं."

रिकाम्या जाळ्यांखाली, गंधकाच्या जुन्या दर्पात
आम्ही समोरासमोर बसलो.
एक टोक त्याच्या मुठीत, एक माझ्या,
मध्ये उभा धरलेला मोडका पाट.
त्याच्या कडेवरून पुढे मागे, पुढे मागे,
जिथं कड घासेल तिथं पिवळट काच जाऊन
पांढरं, साबरासारखं काहीतरी उमलायचं.
बोललो असं काही नाही.
एकदा तो म्हणाला, तुझा आजा मोट तपासायचा,
हात लावायचा न्हाय, काठीनं तपासायचा.
मी म्हणाले, हं.
कातडं थोडं माझ्याकडे सरकलं, मग त्याच्याकडे.

साडेबाराला चहा केला.
कप घेताना माझा हात फळीवर थांबला.
कान तुटलेला एक कप असायचा, शेडच्या वळचणीला, वेगळा.
तो कधी गेला, कुणी टाकला, कुणालाच सांगता येणार नाही.
मी सेटमधले दोन नेले, गुलाबी फुलांचे.
त्यानं बघितलं. मानेनं खूण केली, ठेव तिथं.
हात सोडता येत नव्हता,
मानेजवळची जाड जागा वाळायला लागली होती.
चहावर साय धरली.

पहाटेपर्यंत चार कातडी झाली.
गालाला लावली तर आहेत की नाहीत कळेना.
पाचवं मी डब्यामागं विसरले होते,
ते पापड झालं, दुमडल्यावर वाजलं.
मला वाटलं आता तो रागावेल.
"परत भिजीव," तो उठता उठता म्हणाला,
गुडघ्याला हात लावून, दोनदा प्रयत्न करून.
"ह्ये भिजतंय परत."
मग गार चहा उभ्यानंच पिऊन टाकला
आणि कप विसळायला नळ शोधू लागला.
राहू दे, मी म्हणाले. जरा उशिरा म्हणाले.

उजाडल्यावर कातडी खांद्यावर टाकून घरात शिरले.
वहिनीनं नाकाला पदर लावला.
मला कसलाच वास येत नव्हता.