सातपूर, रात्रवर्ग

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
सव्वासातला दार बंद.
मोबाइल पिशवीत. एका वेळी एकानेच.
मग वाचूनही दाखवलं; वाचता येत असतं
तर ही माणसं इथे कशाला आली असती.

प्रेसशॉपमधले खैरनारमामा म्हणाले,
भोंगा आम्हाला नवा नाही, बाई,
पण उशीर झाला तर इथं कापणार काय?

मला उत्तर सुचलं नाही.

गुरुवारी त्र्यंबक नाक्यावर अडकले,
मीच पोचले साडेसातला.
दार आतून बंद.
काचेतून दिसल्या गांगुर्डेबाई,
द्राक्षांच्या पॅकहाउसमधून तशाच आलेल्या,
डोक्याला जाळीची टोपी,
खडूने माझं ‘बंद’ गिरवत होत्या,
अनुस्वार जरा मोठाच.

मी उभी राहिले.
टकटक करावं की नाही
ते नियमांत नव्हतं.